शेवरीचा पान्हा

"तू समोर उभी राहा नि रोजच्यासारखी बोल तिच्याशी," हे म्हणाले. "सरकारी साहेब दूध मोजणार आहेत. रक्ताच्या तपासणीत गाय अस्सल देवणी वाणाची निघालीय. आता दूध नीट भरलं, की हिचे गोऱ्हे सरकारी वळू होतील."

वासरू गेल्यापासून माझा आवाज ऐकल्याशिवाय शेवरी पान्हा सोडत नव्हती. मी तिचा गळा खाजवत "शेवरे, माझे बाई" करत राहिले. तीन दिवस, दोन्ही वेळा. तिनं बादली भरली, साहेबांनी आकडा लिहिला, आणि मी वेडी फुगून गेले.

रविवारी तेच साहेब टेम्पो घेऊन आले. सरकारी कसले, गिऱ्हाईक होते ते! शेवरी फळीवर चढेना, तेव्हा हे मला म्हणाले, "हाक मार की." मी घरात निघून गेले.

काल ह्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "पान्हा चोरतेय. कास दगडासारखी झालीय म्हणतात. स्पीकर चालू आहे, बोल."

मला बोलायचं नव्हतं. देवाशपथ नव्हतं. पण पलीकडून तिचं हंबरणं आलं, आणि कळ माझ्याच छातीत उठली.

"शेवरे, माझे बाई..."

बादलीत धारा वाजू लागल्या. "सोडला, सोडला!" पलीकडे कुणीतरी ओरडलं. ह्यांनी फोन बंद करून खिशात टाकला.

तिला वाटलं असेल, मी आलेय.