मंगळवारची जीप

आडगावांतून फिरणारी कुटुंब मदत केंद्राची जीप वर्षभर दर मंगळवारी तिच्या दाराशी थांबायची. केंद्रातल्या ताई चहा घेत तिला विचारायच्या, “तुम्ही कशा आहात?” तसं तिला दुसरं कुणी विचारत नसे. मग नवऱ्याची दारू सुटली आणि केंद्राने तिची केस बंद केली.

आता जीप शेजारणीकडे थांबू लागली. तिचा नवरा पितो ना! फाटक उघडताना शेजारणीचा तोरा असा, की जीप जणू तिच्या माहेरचीच.

“ताई, चहा?” तिने आपल्या अंगणातून, कुंपणावरून विचारलं.

“नको, इथे झाला. तुमचं काय, आता छानच चाललंय!”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या सोमवारी नवरा कामावरून सरळ घरी येऊन जेवायला बसला. तिने ताटाशेजारी दारूची बाटली ठेवली.

“हे काय?”

“घ्या थोडी. उद्या मंगळवार आहे.”