शिळं पाणी

बाबांनी बादलीत नाक घातलं आणि ओळखलं. पाणी ताजं होतं.

पाणीपुरवठ्यात क्लोरीन सोडण्यातच त्यांची उभी हयात गेली. त्यांच्या नाकाला कोण फसवणार? नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवायचं आणि क्लोरीन उडालं की मगच गुलाबाला घालायचं, हा त्यांचा शिरस्ता. गुलाब बायकोने लावलेला. ती गेल्यापासून त्यांचा जीव त्या कुंडीतच होता.

"बादलीला कोणी हात लावला?"

"कोण लावणार, बाबा?" सून कणीक मळत होती. तिने मान वर केली नाही.

कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते कुंडीत नव्हे.

मग सगळंच दिसू लागलं. गुलाबाची एक फांदी गायब होती, तीही सफाईने तिरकी कापलेली. मुलगा टेप घेऊन बाबांची खोली मोजून गेला. विचारलं तर म्हणाला, "सहज." नातीला अभ्यासाला जागा हवी, हे पालुपद होतंच. बाबांनी दोन आणि दोन चार केले. गॅलरी खोलीत घ्यायची, म्हणजे कुंडी अडगळ. आणि नळाच्या पाण्याने गुलाब मेला तर बोल कोणालाच नाही.

दुसऱ्या दिवशी ते पडद्याआड बसले. सून आली. तिने बादलीतलं पाणी तांब्यात घेतलं, तेवढंच नळाचं ओतलं आणि मागच्या दाराने गेली. बाबा पाठोपाठ गेले.

धुण्याच्या जागेत एक चिमुकली कुंडी होती. तीत कापलेली फांदी, तिला तांबूस पालवी फुटलेली. सून बेताबेताने पाणी घालत होती.

बाबांना स्वतःचीच लाज वाटली. "वेडी गं वेडी. मला सांगायचंस तरी. मी काय खाल्लं असतं तुला?"

सुनेचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, सासूची आठवण झाली.

"गॅलरी घ्या खुशाल खोलीत," ते म्हणाले. "मोठी कुंडी मी माझ्या पलंगाशी ठेवीन."

"नाही चालत, बाबा." तिने तांब्या खाली ठेवला. "तिथे आश्रमात प्रत्येकाला पलंगाशी एवढीच कुंडी ठेवू देतात. आम्ही दोघं विचारून आलो."