मिसेस व्हिलार्ड यांची गाडी

"ए पोरी, हात काढ तिथून."

पोलीस पलीकडच्या फुटपाथवरून बोलला, आवाज न चढवता. ओडेसा चाळिशी ओलांडलेली बाई होती. तिने फाटकावरचा हात लगेच काढला नाही. एका लोखंडी पानाची कड बोटाने शेवटपर्यंत चाचपली, मग वळली आणि रस्त्याकडेच्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली. ते फाटक तिच्या आजोबांनी ठोकून घडवलं होतं. एवढं एक फाटक बघायला ती १९५६ सालच्या जुलैच्या उकाड्यात फिलाडेल्फियाहून चार्ल्सटनला आली होती.

स्टिअरिंगमागे तिचा नवरा ल्युशस बसला होता. त्याच्या डोक्यावर ड्रायव्हरची काळी टोपी होती आणि टोपीखालून घाम कानामागे उतरत होता. टपाल कचेरीत पत्रं निवडणाऱ्या माणसाला असली टोपी लागत नाही. पण चांगली गाडी घेऊन अमेरिकेच्या दक्षिणेत उतरणारे काळे लोक ती जवळ ठेवत. गाडी कुणाची असं कुणी विचारलं, की मालकाची म्हणायचं, टोपीला हात लावायचा आणि पुढे सटकायचं. माझी म्हटलं तर गाडी जायची, आणि कधीकधी माणूसही. बायको मागे बसायची, मालकाघरची मोलकरीण म्हणून.

खरं तर गाडी ओडेसाची होती. स्वतःच्या केशरचनेच्या दुकानाच्या कमाईतून तिने ती घेतली होती, आणि शोरूममध्ये विक्रेता नवऱ्याशीच बोलत राहिला तेव्हा मधे पडून तिनेच भाव पाडून घेतला होता. अशा बाईला मान खाली घालून मागे बसवायचं म्हणजे ल्युशसलाच जड गेलं होतं.

काल पेट्रोल भरताना पंपवाल्याने तिचं नाव विचारलं. ती म्हणाली, मिसेस व्हिलार्ड. तो हसला. इकडे मिसेस हा शब्द गोऱ्या बायकांसाठी राखलेला. काळी बाई केस काळे असेतो 'पोरी', पिकले की 'मावशे'. पंपवाल्याने पुन्हा नाव विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं. त्याने नळी जागेवर अडकवली आणि दुसरीकडे जा म्हणाला. टाकी कोरडी होत आलेली, आणि पुढचा पंप कुठे ते माहीत नाही. त्या रस्त्यावर ल्युशसने तिच्याकडून वचन घेतलं, की या राज्याच्या बाहेर पडेपर्यंत ते मिसेस गिळून टाकायचं. मला तू जिवंत घरी हवीस, तो म्हणाला.

ती हो म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत तिने एवढंच सांगितलं, की आजी चार्ल्सटनमध्ये लोकांची धुणी धूत म्हातारी झाली, तिला एकदाही कुणी मिसेस म्हटलं नाही. निदान मी तरी एकदा तिथे म्हणवून घेईन असं वाटलं होतं.

आता पोलीस रस्ता ओलांडून आला. त्याने गाडीच्या टपावर कोपर टेकवलं.

"कुणाची गाडी रे, पोरा?"

उत्तर ल्युशसच्या जिभेवर तयार होतं. वाटेत तीनदा ते चाललं होतं. त्याने आरशात पाहिलं. ओडेसाच्या बोटांना फाटकाचा गंज लागला होता. रुमाल मांडीवरच होता, पण ती बोटं पुसत नव्हती.

"मिसेस व्हिलार्ड यांची, साहेब," तो म्हणाला.

पोलिसाने टपावरचं कोपर काढलं. व्हिलार्ड नावाचा या शहरात रस्ता होता, धक्क्यावर गोदाम होतं, चर्चमध्ये पहिल्या रांगेतलं बाक होतं. त्या गोऱ्या घराण्याच्या भातशेतात गुलाम म्हणून राबलेली माणसंही सुटताना तेच आडनाव घेऊन बाहेर पडली होती. ल्युशसचा आजा त्यांतलाच. पण पोलिसाच्या मनात ते कशाला येतंय.

मिसेस व्हिलार्ड कुठल्या, त्याने विचारलं. ल्युशस म्हणाला, आता फिलाडेल्फियाच्या, पण मूळच्या इथल्याच. मिसेस व्हिलार्ड यांना उकाडा सोसतो का? सोसतो, पण बोलून दाखवतात. मिसेस व्हिलार्ड आहेत का अजून इथे काही दिवस? नाही, त्यांना घेऊन आजच उत्तरेला निघायचंय, आणि उशीर केलेला त्यांना खपत नाही. पोलीस हसला. त्या घराण्यातल्या बायका तशाच, म्हणाला.

इथेच ल्युशस निघू शकला असता. किल्ली हाताशी होती. पण त्याच्या ध्यानात आलं, की कानामागचा घाम थांबलाय. आरशात ओडेसा ताठ बसली होती आणि एकेक शब्द टिपून घेत होती. मग त्यानेच विषय वाढवला. मिसेस व्हिलार्ड यांना इथली कोलंबी आवडली, म्हणाला. पोलिसाने मिसेस व्हिलार्ड यांच्यासाठी दोन चांगल्या खानावळी सुचवल्या. त्या दोन्ही खानावळींत ल्युशसला कुणी उंबरा ओलांडू दिला नसता. त्याने नावं नीट विचारून घेतली.

"आणि ही?" पोलिसाने हनुवटीने मागे खूण केली.

"कायम त्यांच्याबरोबरच असते, साहेब."

"तिला सांग, दिसेल त्याला हात लावायचा नाही." पोलीस मागे सरकला आणि त्याने दोन बोटं टोपीला लावली. "आणि मिसेस व्हिलार्ड यांना माझा नमस्कार सांग."

ल्युशसने गाडी सुरू केली, पण निघण्याची घाई केली नाही. पाठीमागे काच खाली उतरवल्याचा आवाज येत होता. ती पुरती उतरेपर्यंत तो थांबला.

"पोचला," ओडेसा पोलिसाला म्हणाली. "मिसेस व्हिलार्ड आभारी आहेत."