अकरा मिनिटांचं भारूड

आमच्या लोकगीतांच्या रेडिओ केंद्राचा विसावा वर्धापनदिन होता. मी माइकवर केंद्राचा इतिहास वाचत होते, तेवढ्यात टेबलाखाली दुपट्यावर निजवलेली माझी पाच महिन्यांची लेक किंचाळून रडायला लागली. बाळंतपणानंतर माझा कामावरचा पहिलाच दिवस. वाटलं, गेली नोकरी!

काचेपलीकडून हौसाताई धावत आल्या. हे केंद्र त्यांनीच सुरू केलेलं. त्यांनी माझा माइक बंद केला आणि खणातली एक जुनी कॅसेट लावली.

"अकरा मिनिटांचं भारूड आहे. आधी तिला पाज. इथल्या बायकांची चार लेकरं ह्याच भारुडावर पोसलीत."

"पण ताई, ऐकणारे काय म्हणतील?"

"त्यांना सवय आहे गं!"

मी लेकीला ओढणीआड घेतलं, पण नजर घड्याळावरच होती. दहाव्या मिनिटाला तिचा डोळा लागला आणि फोन वाजला. तक्रारच असणार, म्हणून मी भीतभीत उचलला.

पलीकडे एक म्हातारी होती.

"बाई, लई वर्सांनी ते भारूड लावलं," ती हसत म्हणाली. "कुणाचं बाळ हाय? पोरगा का पोरगी?"