न कापायचे भोपळे

२०१९ सालची गोष्ट. दिवाळीची आदली संध्याकाळ होती आणि हॅलोवीनही त्याच आठवड्यात आलं होतं. नॉटिंगहॅममधल्या त्या घरात जेवणाच्या टेबलावर तीन भोपळे ठेवले होते. तिन्ही खोटे. पांढरे, आतून पोकळ, क्राफ्टच्या दुकानातून आणलेले.

खरा भोपळा आणला असता तर तो कापायला घरात पुरुष हवा होता. अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी बाईने लावायची नाही, ही वैजयंतीबाईंची रीत. "अपूर्व आला की लावेल," असं त्या आठवडाभर म्हणत होत्या. अपूर्व त्यांचा मुलगा. ऑफिसने ग्लासगोला पाठवलंय आणि दिवाळीलाही सुट्टी मिळत नाही, असं तो फोनवर सांगत होता. शेवटी सून वैभवीने हे भोपळे आणले. हे कापायचे नव्हते, नुसता कागद चिकटवायचा होता.

वैजयंतीबाईंनी मैद्याची खळ शिजवली.

"आई, ग्लू आहे हो घरात."

"असू दे. तुझ्या ग्लूला वास येतो. खळीने कागद कसा बसतो बघ, कातडीसारखा."

सात वर्षांची सान्वी लाल-केशरी टिश्यूपेपर फाडत होती. "आजी, माझी भोपळा सगळ्यात मोठी आहे."

"माझा भोपळा. मोठा."

"माझा भोपळा मोठा. आणि हा बाटली?"

"ही बाटली."

"पण तुला कसं कळतं कोण गर्ल आहे?"

"कानाला कळतं. तुझ्या कानात इंग्रजीचा मळ आहे."

वैभवी हसली. ती नर्सच्या युनिफॉर्ममध्येच बसली होती. जेवून तिला नाइटला जायचं होतं. सासूबाई मार्चपर्यंत राहणार होत्या म्हणून तिला नाइट्स घेता येत होत्या. त्या मध्येच परत गेल्या तर सान्वीला कोणाकडे ठेवायचं, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. त्यामुळे घरात काही गोष्टी बोलल्या जात नव्हत्या.

"बाबाची नवीन घर पण मोठी आहे," सान्वी म्हणाली.

"बाबाचं नवीन घर मोठं आहे," वैजयंतीबाईंनी कागदावरून बोट फिरवत दुरुस्त केलं. "म्हण."

"बाबाचं नवीन घर मोठं आहे."

"शाब्बास."

मग त्यांचं बोट थांबलं.

वैभवीने कात्री खाली ठेवली. "सान्वी, वर जा. हात धू."

"पण मी बरोबर म्हटली!"

"म्हटलं," वैजयंतीबाई म्हणाल्या. "बरोबर म्हटलंस. जा."

जिन्यावरची पावलं वर गेली. बाथरूमचा नळ सुरू झाला.

"ग्लासगोला घर घेतलं त्याने?"

"ग्लासगोला नाही, आई. बीस्टनला. इथून ट्रामने जाता येतं."

"एकटा राहतो?"

"नाही."

वैजयंतीबाईंनी कागदाची एक सुरकुती दाबून बसवली. "आणि मी लाडू दिले होते ते? पोस्टाने पाठव म्हटलं होतं."

"ट्रामने गेले. मीच स्टॉपवर नेऊन दिले."

"फुटले नाहीत ना?"

"नाही. छान झालेत म्हणाला."

"मला फोनवर म्हणाला, पोस्टात पार भुगा झाला."

वैभवी खळीच्या भांड्याकडे बघत होती. "तुम्हाला जायचं असेल तर तिकीट बदलून देते. पुण्याला, नाहीतर त्याच्याकडे. मी काही म्हणणार नाही."

खळीवर साय धरली होती, ती वैजयंतीबाईंनी बोटाने बाजूला केली. तेवढ्यात फोन वाजला. शनिवारी या वेळेला अपूर्वचाच असायचा. त्यांचे हात भरले होते, म्हणून वैभवीने स्पीकर लावला.

"आई, काय चाललंय? इथे ग्लासगोला नुसता पाऊस, विचारू नकोस."

वैजयंतीबाईंनी खिडकीकडे पाहिलं. काचेवरून पाणी ओघळत होतं.

"हो का? इथेही तोच पडतोय."

त्या फोनकडे वाकल्या.

"मी मार्चपर्यंत इथेच आहे, वैभवीकडे. तुला यायचं असेल तर ट्राम आहे. आता ठेव, माझे हात खळीने बरबटलेत."

वैभवीने फोन बंद केला. तिला काही बोलायचं होतं.

"गरम पोळी खाऊन जा," वैजयंतीबाई म्हणाल्या. "आणि तो केशरी कागद सरकव इकडे."

मार्चमध्ये विमानं बंद झाली. वैजयंतीबाई ऑगस्टपर्यंत राहिल्या. त्या महिन्यांत वैभवी वॉर्डातून यायची, दारातच कपडे बदलायची आणि वेगळ्या खोलीत झोपायची. वाढलेलं ताट उंबऱ्याशी झाकून ठेवलेलं असायचं. आज ती त्याच हॉस्पिटलात वॉर्ड मॅनेजर आहे. अपूर्व दोन वर्षांनी खरोखरच ग्लासगोला गेला, आणि तिथेच आहे. सान्वी आता सेकंडरीत आहे. आजीशी मराठी बोलताना अडली की चिडते आणि फोन आईकडे देते.

वैजयंतीबाई पुण्यात एकट्या राहतात. मुलगा कुठे असतो, असं सोसायटीत कोणी नव्याने विचारलं की त्या म्हणतात, "माझी सून नॉटिंगहॅमला असते."