झिजलेला घोडा

प्लास्टिकच्या छर्ऱ्यांनी खेळायच्या एअरसॉफ्ट पिस्तुलाच्या प्लास्टिकच्या घोड्याची कड केसाएवढी झिजली होती. तात्यांनी ती भिंगातून लेकीला, वृंदाला दाखवली. रविवारी तिचा सामना होता. पूर्वी दोघं एकाच संघात खेळत. डावा गुडघा गेल्यापासून तात्या नुसती दुरुस्ती करत. ऑपरेशनचं नाव काढलं की त्यांना घाम फुटे.

“चालतंय की अजून. सामन्यानंतर बदला,” वृंदा म्हणाली.

“वेडी आहेस? झिजलेला तसाच ठेवला, तर शेजारचा चांगला खटकाही जाईल.”

“डॉक्टर तुमच्या उजव्या गुडघ्याबद्दल हेच म्हणाले होते. पिस्तुलाचं बरं पटतं तुम्हाला!”

तात्यांनी पोलादी घोडा बसवला. उठताना भार उजव्या पायावर टाकला, आणि गेले काही दिवस लपवलेली कळ त्या पायातही उठली.

टेबलाला धरून ते म्हणाले, “ऑपरेशनची तारीख घे, वृंदा.”