एकशे दहा

"एकशे अडुसष्ट," बायडाबाई म्हणाली आणि साखर मोजायचं मशीन पाकिटात घालायला लागली.

"थांब," चिमाजी खाटेवरून म्हणाला. "आणखी एक पट्टी काढ. तुझं बघ."

"माझं काय बघायचंय?"

"रात्री चारदा उठलीस. माठाचं झाकण वाजतंय, मोरीचं दार वाजतंय. डोळे गेलेत माझे, कान नाय गेले."

सकाळचे सात वाजत आले होते. दारापुढच्या ओट्यावर शेवंतीची पाटी ओल्या फडक्याखाली तयार होती. आठाच्या आत गंगापूर रोडच्या कोपऱ्यावर फुलं विकायला जाऊन बसलं नाही की तिथं दुसरं कुणी बसतं. त्याआधी चिमाजीला इन्सुलिन टोचायचं, मग त्याला भाकरी वाढायची, मग पायाचं ड्रेसिंग. उजव्या पायाची दोन बोटं काढून चार महिने झाले, तरी जखम भरत नव्हती. बायडाबाईला हे सगळं झोपेतही करता आलं असतं. गेले काही दिवस ती ते तसंच करत होती.

"पट्टी उगाच वाया जाईल."

"जाऊ दे."

तो ऐकणार नव्हता. ती खाटेच्या कडेला टेकली.

तिला माहीत नव्हतं असं नाही. आळीतल्या बायकांना तीच सांगायची, घसा सारखा कोरडा पडतो, लघवीला उठावं लागतं, बसल्या जागी डोळा लागतो, खाऊनपिऊन माणूस वाळत जातं, तर बाई, आधी तपासून ये. तिचं स्वतःचं पोलकं दोन महिन्यांपासून दंडात सैल व्हायला लागलं होतं. टाके घालून तिनं ते आत घेतलं. स्वतःचं तपासलं मात्र नाही. एका घरात एकाच आजाऱ्याचं निभतं, असं ती धरून चालली होती.

"हात धुतलेस?" चिमाजीनं विचारलं.

"धुतले."

"नीट धुतलेस ना? केळं-बिळं धरलं असंल तर आकडा खोटा येतो."

"मीच शिकवलंय ते तुम्हाला."

तिनं सुई बदलली. चिमाजीचं बोट तिनं किती वेळा टोचलं होतं त्याला गणती नव्हती, पण स्वतःच्या बोटापाशी सुई नेताना तिनं तोंड दुसरीकडे फिरवलं. मग एकदाचं टोचलं. रक्ताचा थेंब पट्टीनं ओढून घेतला. मशीन पाच, चार, तीन असं मोजायला लागलं.

तीनशे एक्केचाळीस.

उठल्यापासून पोटात पाण्याशिवाय काही गेलेलं नव्हतं. मशीन बिघडलं म्हणावं, तर आत्ताच त्यानं चिमाजीचा आकडा रोजच्यासारखा दाखवला होता.

"किती?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. डाव्या डोळ्याला अजून उजेड तेवढा कळायचा. तो बघत होता तिच्याकडेच, पण तोंड जरा बाजूला, भिंतीकडे झालं होतं.

"एकशे दहा," ती म्हणाली.

तिनं पट्टी कागदात गुंडाळली. इन्सुलिन फ्रीजमधून आणायचं म्हणून उठली, आणि खाटेची कड धरून तशीच उभी राहिली.

"चांगला आकडा हाय," तो म्हणाला.

"हाय ना."

"मीबी हाच सांगायचो."

"कधी?"

"सुरुवातीला. मी एकटा जायचो ना दवाखान्यात, तेव्हा. घरी आलो की तू दारातच उभी असायचीस. किती आली, किती आली. एकशे दहा म्हटलं की तुझा जीव भांड्यात पडायचा. मग दर वेळेला तेच म्हणत गेलो. तीन वर्षं. एकदाबी तेवढी कमी नव्हती."

बायडाबाई पुन्हा खाटेच्या कडेला टेकली.

त्या तीन वर्षांत तो दवाखान्यातून आला की ती शिरा करायची. आज जमलं बघा, म्हणून वरून आग्रह करायची. तो मुकाट्यानं खायचा. त्याच्यावर ओरडावं असं तिला फार वाटलं. पण तेवढी ताकद अंगात नव्हती.

"आणि हे आज सांगताय होय?"

"आज तू सांगितलंस म्हणून."

ओट्यावरून कुणीतरी हाक मारली, "मावशी, येताय ना?" शेजारची फुलवाली होती. बायडाबाईनं ओ दिली नाही. बाई थोडा वेळ थांबली आणि निघून गेली.

"तीनशे एक्केचाळीस," बायडाबाई म्हणाली.

चिमाजीनं मान हलवली. जणू हा आकडा त्याच्या ओळखीचा होता.

"फुलं राहू दे आज. माझं आवर, मग दोघं जाऊ दवाखान्यात."

"तुमच्या पायाचं काय?"

"रिक्षा बोलाव. पायऱ्या चारच हायेत तिथं. तुझा हात धरून चढतो."

"आणि मला काय झालं म्हणजे? तुमचं कोण करणार?"

चिमाजी तिच्या आवाजाच्या बाजूला सरकला.

"रक्त थांबलं का?" त्यानं विचारलं.

"थांबेल."

"आण इकडं हात."

उशाशी चाचपडत त्यानं कापसाचा बोळा काढला. तिचा हात मांडीवर घेतला, एक बोट पकडलं आणि बोळा त्यावर घट्ट दाबून धरला.

टोचलेलं बोट शेजारचं होतं. बायडाबाईनं हात काढून घेतला नाही.